पानगळीतल्या ट्रेकसाठी युरोपात जागा कशी निवडली

तारीख दिवाळीनं ठरवली. 2025 साली लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं आणि गटात दोन शिक्षक असल्यामुळे रजा त्याच आठवड्यात मिळणार होती. 16 ते 26 ऑक्टोबर, अकरा दिवस. जाण्यायेण्याचे वगळले तर चालायला आठ. माणसं सहा, सगळी सह्याद्रीत नेमानं फिरणारी, दोघं साठीच्या पुढची.

तारखेचा एवढा बाऊ करायला कारण आहे. युरोपातल्या ट्रेकच्या याद्या जुलै-ऑगस्ट डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यातल्या निम्म्या वाटांवर मुक्कामाची सोयच उरत नाही. आणि दिवाळी सरकते. 2026 साली लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. तेव्हा आल्प्सचा विचारच सोडावा आणि सरळ मडेरासारख्या दक्षिणेकडच्या बेटाकडे बघावं. ग्रीसच्या क्रीट बेटावरची सामारिया घळही 31 ऑक्टोबरनंतर बंद असते. म्हणून आम्ही नकाशाच्या आधी कालनिर्णय उघडलं.

पहिल्या यादीत सात नावं होती: माँ ब्लाँची प्रदक्षिणा, इटलीच्या डोलोमाइट्स डोंगरांमधली आल्टा व्हिया 1 ही वाट, स्वित्झर्लंडचं एंगाडीन खोरं, स्लोव्हेनियातलं बोहिन्य, जर्मनीतलं सॅक्सन स्वित्झर्लंड, इटलीच्या साउथ टायरॉलमधला मेरानो-बोल्झानोचा पट्टा आणि पोर्तुगालचं मडेरा बेट.

पहिली दोन नावं एका संध्याकाळीच गेली. माँ ब्लाँची वाट सुमारे 170 किलोमीटर आणि एकूण चढ 10,000 मीटर. आल्टा व्हिया 1 ब्राइएस तळ्यापासून बेलुनोपर्यंत साधारण 120 किलोमीटर. दोन्हींचा संसार डोंगरातल्या निवाऱ्यांवर चालतो. हे निवारे सप्टेंबरच्या मध्यापासून बंद व्हायला लागतात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बहुतेकांना कुलूप लागतं. काही ठिकाणी 'हिवाळी खोली' उघडी ठेवतात. हा शब्द वाचून पुष्कळ जण फसतात. हिवाळी खोली म्हणजे लाकडी बाक, घोंगड्या आणि फार तर एक चूल. जेवण नाही, बहुधा पाणीही नाही, मदतीला माणूस नाही. सहा जणांचा सहा दिवसांचा शिधा आणि गॅस पाठीवर घेऊन बर्फाच्या शक्यतेत जाणं ही मोहीम झाली. आम्हाला ट्रेक करायचा होता.

फोटोंवरूनही जागा ठरवू नये. पानगळीत सोनेरी होणाऱ्या लार्च झाडांच्या पार्श्वभूमीवर टुमदार निवारा, असे फोटो ऑक्टोबरच्या मध्याचेच असतात. फोटो मोठा करून खिडक्या बघाव्यात. झडपा लावलेल्या दिसल्या तर तिथे गरम सूप मिळणार नाही हे धरून चालावं.

दुसरी चाळणी उजेडाची. आपल्याकडे दिवाळीत साडेअकरा तासांचा दिवस हाताशी असतो, त्यामुळे हा हिशोब करायची सवयच नसते. बोल्झानोच्या अक्षांशावर 10 ऑक्टोबरला सूर्य साधारण 7.25 ला उगवतो आणि 6.40 च्या सुमारास मावळतो. 24 तारखेला हेच 7.45 आणि 6.10 होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग सूर्यास्त एकदम 5.10 वर येतो. परतीच्या दिवशी, म्हणजे 26 तारखेलाच, हा बदल पडत होता. त्या दिवशी गाड्यांच्या वेळा दोनदा तपासायच्या, हे तेव्हाच वहीत लिहून ठेवलं. शिवाय हा सूर्यास्त सपाटीवरचा. खोल दरीत डोंगर ऊन तास-दीड तास आधीच अडवतो, आणि ऊन गेलं की पाच मिनिटांत जाकीट चढवावं लागतं.

रोजची चाल किती धरायची यासाठी जर्मन भाषिक आल्प्समध्ये एक जुना आडाखा वापरतात. सपाटीला ताशी 4 किलोमीटर, चढाला ताशी 300 मीटर उंची, उताराला ताशी 500. अंतराचा वेळ वेगळा काढायचा, चढउताराचा वेगळा. जो मोठा येईल तो पूर्ण घ्यायचा आणि लहान असेल त्याचा निम्मा त्यात मिळवायचा. समजा वाट 12 किलोमीटर आहे, चढ 800 आणि उतार 800. अंतराचे 3 तास. चढाचे 2 तास 40 मिनिटं आणि उताराचे 1 तास 36 मिनिटं मिळून सव्वाचार. सव्वाचार अधिक दीड, म्हणजे पावणेसहा तास. जेवण, फोटो, बूट सारखे करणं यांचा दीड तास. सकाळी 9 ला निघालं तर परत यायला सव्वाचार वाजतात. ऑक्टोबरच्या शेवटी आमच्या गटाची मर्यादा हीच. यापेक्षा मोठी एकही वाट आम्ही कागदावर ठेवली नाही. सह्याद्रीत रोज 1,200 मीटर चढणाऱ्यांनाही हाच आकडा धरायला सांगू, कारण इथे दम टिकला तरी उजेड टिकत नाही.

तिसरी चाळणी उंचीची. खरा निर्णय इथे झाला.

दर 1,000 मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. खाली 300 मीटरवर दुपारी 16 अंश असतील तर 2,300 मीटरवर साधारण 3. एक ओला, थंड पट्टा आला की तिथे पावसाचा बर्फ होतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात असा एखादा पट्टा येतोच, फक्त कधी ते माहीत नसतं. उशिराच्या पानगळीत कधी फार मोठी वादळंही येतात. 2018 च्या ऑक्टोबरअखेरीस वाया नावाच्या वादळानं डोलोमाइट्सच्या परिसरातली जंगलंच्या जंगलं आडवी केली. म्हणून प्रत्येक ठिकाणाला आम्ही एकच प्रश्न विचारला: वर बर्फ पडला तर त्याच मुक्कामावरून, बॅगा न हलवता, खाली चालायला काय आहे? आणि स्वच्छ ऊन पडलं तर त्याच मुक्कामावरून किती वर जाता येईल? ज्या ठिकाणी एका अंथरुणापासून वर-खाली असा उंचीचा जिना आहे, ते ठिकाण पानगळीला योग्य. नुसता देखणा माथा कामाचा नाही.

या कसोटीला एंगाडीन घसरलं. लार्चच्या सोन्यासाठी त्याच्यासारखी जागा नाही, व्हाल रोझेगमधून चालणं कुणालाही आवडेल. पण सेंट मॉरिट्सच्या बाजूला खोऱ्याचा तळच 1,800 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून दीडशे मीटर वर. जिन्याची खालची पायरीच नाही. बर्फ आला तर बसनं मालोया घाट उतरून ब्रेगाल्या खोऱ्यात, सोल्योच्या चेस्टनटच्या बनात जाता येतं. ती वाट खरंच सुंदर आहे, पण रोजची ये-जा फार होते. त्यात बऱ्याच केबल कार याच दिवसांत वार्षिक दुरुस्तीला बंद करतात, आणि स्वित्झर्लंडचा खर्च वेगळाच.

बोहिन्यचा जिना चांगला आहे. तळं 526 मीटरवर, व्होगेलची केबल कार 1,500 च्या वर नेते. अडचण पावसाची. भूमध्य समुद्रावरून येणारी ओली हवा ज्युलियन आल्प्सना थेट धडकते. उंच भागात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, म्हणजे आपल्या कोकणाइतका, आणि पानगळ हा तिथल्या पावसाच्या जोरातल्या काळांपैकी एक. हंगाम संपला की बसच्या फेऱ्याही कमी होतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला जमत असेल तर बोहिन्य जरूर घ्यावं.

सॅक्सन स्वित्झर्लंड आम्ही जड मनानं सोडलं. ड्रेस्डेनहून लोकल गाडीनं तासाभराच्या आत वालुकाश्माच्या सुळक्यांत उतरता येतं. चित्रकारांची वाट म्हणून ओळखला जाणारा मालरवेग सव्वाशे किलोमीटरच्या आतला, आठ टप्प्यांत चालायचा. सगळ्यात उंच माथा साधारण 560 मीटरचा, त्यामुळे बर्फाची धास्ती जवळजवळ नाही. पण उंचीच्या जिन्याला वरच्या पायऱ्याही नाहीत. धुकं बसलं तर सगळीकडे बसतं. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना चार दिवसांची सुट्टी असेल तर यापेक्षा चांगली निवड सुचवता येणार नाही. मुंबईहून आठ दिवस चालण्यासाठी मात्र ते आम्हाला अपुरं वाटलं.

मडेरा पर्याय म्हणून बाजूला ठेवलं. राहिलं मेरानो-बोल्झानो. बोल्झानो 262 मीटरवर, मेरानो 325. दोन्ही शहरांत स्थानकाजवळ मुक्काम मिळतो आणि दोन्हींमध्ये गाडीनं चाळीसेक मिनिटं लागतात. जिना असा लागतो: 400 ते 600 मीटरवर द्राक्षमळे आणि सफरचंदाच्या बागांमधल्या पाटाच्या वाटा. बोल्झानोहून केबल कारनं 1,221 मीटरवर ओबरबोत्सेन, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा थोडं खाली. त्याच्या समोरच्या अंगाला 1,100 ते 1,500 मीटरवर साल्टेनचं पठार, जिथे गवताळ कुरणांत सुटे लार्च उभे आहेत. लार्च हा सूचिपर्णी असूनही पानं झडणारा वृक्ष, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तो पिवळा होतो. मेरानोच्या डोक्यावर 1,400 च्या आसपास मेरानर होहेनवेगचा दक्षिण भाग. आणि सगळ्यात वर, ऊन असेल त्या दिवसासाठी, रिटनर हॉर्न, 2,260 मीटर. पेमर्नहून 1,500 च्या थोडं वरून पायी निघालं तर सव्वासातशे मीटरचा चढ पडतो, म्हणजे वरची केबल कार बंद असली तरी काही अडत नाही.

होहेनवेगबद्दल एक इशारा. टेक्सेल डोंगररांगेला वळसा घालणारी ही वाट साधारण 100 किलोमीटरची, खूणक्रमांक 24. तिची उत्तर बाजू 2,900 मीटरच्या जवळ जाते आणि ऑक्टोबरात ती घ्यायची नाही. दक्षिण बाजू उन्हाकडे तोंड करून आहे, म्हणून ती उशिरापर्यंत चालता येते. नकाशावर दोन्ही एकाच रेघेत, एकाच क्रमांकानं दिसतात आणि घोटाळा होतो तो इथे. इटलीत वाटांना टी, ई, ईई आणि ईईए अशी अवघडपणाची चढती प्रत देतात. शेवटच्या दोन प्रती आम्ही सरसकट खोडल्या. तिथल्या लोखंडी तारांवर आणि सावलीतल्या खडकावर सकाळी गोठलेल्या पाण्याचा पापुद्रा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाय ठेवल्यावर कळतो.

ज्यामुळे मन पक्कं झालं ते मात्र खालच्या पायरीवर होतं: पाट. तिथे त्यांना वाल म्हणतात. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी अगदी हलक्या उतारानं, डोंगराच्या कुशीतून वळत वळत शेतांपर्यंत आणणारे हे पाट शेकडो वर्षं जुने आहेत. मेरानोचा भाग पावसाच्या आडोशाला येतो, म्हणून त्यांची गरज पडली. पाटाच्या कडेनं जी पाऊलवाट जाते ती मुळात पाटकऱ्याची. त्याला वालर म्हणतात. अडकलेला पाला काढणं, फुटलेली कड बुजवणं, ज्याची पाळी असेल त्याच्या शेताकडे पाणी सोडणं ही त्याची कामं. वारणेच्या किंवा प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्याला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. काही पाटांवर वालशेले नावाची घंटा असते. प्रवाहात छोटं लाकडी चाक, चाकाच्या आसाला हातोडी, हातोडीखाली घंटा. पाणी वाहतंय तोवर ठराविक लयीत टण... टण... चालू. आवाज मंदावला किंवा थांबला की वर कुठेतरी पाणी तुंबलंय हे पाटकऱ्याला घरबसल्या कळायचं.

मार्लिंगचा पाट 12 किलोमीटरचा, साउथ टायरॉलमधला सगळ्यात लांब. ट्योलपासून लानापर्यंत वाट जवळजवळ सपाट. वरच्या आडाख्यानं तीन तास. विमानातून उतरल्यानंतरच्या पहिल्या दिवसाला, पावसाच्या दिवसाला, गुडघा दुखत असलेल्या दिवसाला हीच वाट. आल्गुंडचा पाट त्याहून आखूड, सुमारे 6 किलोमीटर. थंडी पडल्यावर पाटांचं पाणी बंद करतात, तेव्हा वाहतं पाणी बघायचं तर नोव्हेंबरपर्यंत थांबू नये. या वाटांवर धोका कड्याचा कमी आणि ओल्या पानांचा जास्त. चेस्टनटच्या पानांचा थर मुळं आणि दगड झाकून टाकतो, काटेरी फळं तळव्याखाली गोट्यांसारखी घसरतात. सपाट वाट म्हणून साधे बूट नेऊ नयेत, तळव्याला खोल खाचा हव्यातच. आणि बागेतलं सफरचंद तोडायचं नाही. तो तोडणीचा हंगाम असतो, कुणाच्या तरी वर्षभराच्या कमाईला हात लावल्यासारखं ते आहे.

मुक्काम दोनच ठेवले: मेरानोत पाच रात्री, बोल्झानोत चार. पहिल्या आराखड्यात चार गावं होती. प्रत्येक बदलाला सामान बांधणं, गाडी, खोली मिळेपर्यंतचा वेळ धरून अर्धा दिवस जातो, आणि साडेदहा तासांच्या दिवसात अर्धा दिवस म्हणजे एक पूर्ण ट्रेक. खोली घेण्याआधी दोन प्रश्न लिहून विचारले. इथे गेस्ट पास मिळतो का? सामील असलेल्या ठिकाणी राहणाऱ्यांना तो मोफत मिळतो आणि त्यावर प्रांतातल्या बस आणि लोकल गाड्या चालतात. दुसरा, आमच्या तारखांना तुम्ही खरंच चालू आहात का? एका ठिकाणी खोली बुक होत होती, पण पत्र पाठवल्यावर कळलं की त्यांचा हंगाम आमच्या तारखांच्या मध्येच संपतो. बुकिंगच्या पानावर विसंबू नये.

नावांचा गोंधळ सुरुवातीलाच सोडवून घ्यावा. प्रांत इटलीत, बहुसंख्य लोक जर्मन बोलणारे, त्यामुळे प्रत्येक गावाला दोन नावं. बोल्झानो म्हणजेच बोत्सेन, मेरानो म्हणजेच मेरान, रेनोन म्हणजेच रिटन. बसच्या वेळापत्रकात एक, नकाशावर दुसरं, खोलीच्या पत्त्यात तिसरंच काहीतरी. आम्ही वाटेवरच्या वीसेक नावांची दोन रकान्यांत यादी करून सगळ्यांच्या फोनवर ठेवली.

व्हिसाचा हिशोब उलट्या बाजूनं केला. शेंगेन अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी 15 दिवस करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, क्वचित 45 पर्यंत जातात. शुल्क प्रौढाला 90 युरो, वर सेवा केंद्राचे पैसे. विमा किमान 30,000 युरोंचा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. आम्ही उतरणार होतो म्युनिकला, कारण मुंबईहून तिथे थेट विमान आहे आणि तिथून ब्रेनर घाटातून चार तासांत रेल्वेनं बोल्झानो येतं. तरी अर्ज इटलीकडेच, कारण सगळ्या रात्री इटलीतल्या. उतरण्याच्या देशाकडे अर्ज करण्याची चूक खूप जण करतात. उतरण्याच्या देशाचा नियम फक्त रात्री समसमान असतील तेव्हाच लागतो. यामुळेच जागा जुलैअखेर पक्की करणं भाग होतं. अर्ज दिल्यावर देश बदलायला वाव राहत नाही. फुकट रद्द करता येईल असं मडेरातलं बुकिंग तोवर हातात ठेवलं होतं, ते अर्जाच्या आदल्या दिवशी सोडलं. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्यानं सुरू होणार होती. म्हणून म्युनिकला विमान आणि रेल्वे यांत चार तास सोडले. स्वस्त तिकीट ठराविक गाडीचंच असतं, ती चुकली की पैसे गेले.

विम्याच्या कागदात दोन ओळी शोधाव्यात: ट्रेकिंगला उंचीची मर्यादा किती, आणि डोंगरातली शोधमोहीम व हेलिकॉप्टर त्यात धरलंय का. 30,000 युरोंचा आकडा व्हिसापुरता असतो, डोंगरातल्या सुटकेचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं. जवाचं सूप भाजीचं दिसतं, पण त्यात बहुधा श्पेक, म्हणजे धुरवलेलं डुकराचं मांस असतं. 'ओने श्पेक' असं आधीच सांगावं. श्लुत्सक्राफन म्हणजे पालक आणि चक्क्यासारखं क्वार्क भरलेल्या अर्धचंद्राकृती करंज्या, उकडलेल्या. पोट भरतं. चीजचे क्नॉडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, तेही चालतात. ऑक्टोबरात शेतघरांमधून ट्योर्गेलन चालू असतं, म्हणजे नवी वाइन आणि भाजलेले चेस्टनट. पण प्रत्येक खानावळीची आठवड्याची सुट्टी वेगळी असते. दारावरची 'रूहेटाग' ही पाटी दुपारी दीड वाजता भुकेल्या पोटी वाचावी लागू नये म्हणून वाटेवरच्या खानावळींचे सुट्टीचे वार नकाशावरच लिहिले.

कोणत्या दिवशी कोणती वाट हे मुद्दाम ठरवलं नाही. त्याऐवजी एक नियम केला. रोज रात्री जेवणानंतर प्रांताच्या हवामान खात्याचा अंदाज उघडायचा आणि शून्य अंशाची उंची, म्हणजे हवेचं तापमान किती उंचीवर शून्याला येतं ते, बघायची. पाऊस असताना बर्फ त्याच्याही दोन-तीनशे मीटर खाली उतरतो, हे धरायचं. शून्याची उंची 1,800 च्या खाली आणि पाऊस असेल तर पाटाची वाट. 1,800 ते 2,500 असेल तर साल्टेन, ओबरबोत्सेन किंवा होहेनवेगची दक्षिण बाजू. 2,500 च्या वर आणि आकाश मोकळं असेल तर रिटनर हॉर्न. पिशवीत प्रत्येकाकडे डोक्याचा टॉर्च, हातमोजे, एक कोरडा थर, आणि सहा जणांत मिळून चार जोड चालायच्या काठ्या. सकाळी निघताना परतीच्या केबल कारची शेवटची फेरी कागदावर लिहून ज्याच्या हातात नकाशा त्याच्या खिशात, आणि त्या वेळेच्या 45 मिनिटं आधी स्थानकावर. आणीबाणीला 112.